मी कोणता प्राणी आहे?

परवा मेव्हण्याने सहज विचारलं, "भावोजी, हल्ली पगार किती हो मिळतो?" मी "भागतं कसंबसं" म्हणत विषय पावसावर नेला. पगार आणि वजन या दोन बाबतींत माझं तोंड शिवलेलं असतं. बायकोलासुद्धा वजनाचा आकडा दोन किलो मागे ठेवून सांगतो.

त्याच रात्री अंथरुणात पडल्यापडल्या फोनवर एक चाचणी दिसली: 'तुम्ही कोणता प्राणी आहात?' वर नाचणारं माकड. त्या माकडाला मी जन्मतारीख, पगार, घोरतो की नाही, सगळं खरंखरं सांगितलं. वजन तर दशांशचिन्हासकट.

निकाल आला: पाणघोडा.

हा वेडेपणा माझ्या एकट्याचा नाही, एवढाच दिलासा. लेस्ली जॉन, अलेस्सांद्रो अक्विस्टी आणि जॉर्ज लोवेनस्टाईन या संशोधकांनी २०११ साली दाखवलं होतं, की नाजूक प्रश्न भारदस्त वेबपानावर विचारले तर लोक सावरून बसतात आणि थिल्लर पानावर तेच प्रश्न आले की भडाभडा बोलतात. खरं तर घाबरायचं त्या थिल्लर पानालाच. पण माकडाला कोण घाबरतं?

मी मात्र उशिरा का होईना, घाबरलो. उठून बसलो आणि फोनच्या सेटिंगमध्ये शिरलो. लोकेशन बंद. माइक बंद. कॉन्टॅक्ट बंद. एका ॲपला माझी पावलं मोजायची होती. मी चालतच नाही, तरी तेही बंद. अर्ध्या तासाने शेवटचं बटण करडं झालं, तेव्हा गडाचा दरवाजा लावून घेतल्यासारखं वाटलं.

इथेच घात झाला. लगाम आपल्या हातात आहे असं वाटलं की माणूस एरवीपेक्षा जास्तच सांगून बसतो, असं अक्विस्टी मंडळींच्याच २०१३ च्या प्रयोगांत दिसलं होतं. मी त्याच किल्लेदाराच्या तोऱ्यात, गंमत म्हणून, पाणघोडा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. चित्राखाली बारीक अक्षरांत माझी सगळी उत्तरं छापली होती, हे टाकल्यावर दिसलं. घाईघाईत डिलीट केला, तोही फक्त माझ्यापुरता. आता तो मला सोडून सगळ्यांना दिसत होता.

मिनिटभरात मेव्हण्याचा मेसेज आला: "भावोजी, भागतं की चांगलं!"

वजनाबद्दल बायको सकाळी बोलली.