गढीवर ‘शिवकालीन’ पाटी लावण्याआधी

जुलै २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला आणि आपल्या सगळ्यांची छाती अभिमानाने फुगली. फुगायलाच हवी. पण याच कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावच्या गढ्या, म्हणजे वतनदारांचे बुरुजांचे जुने वाडे, दर पावसाळ्यात ढासळताहेत, त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. काढलाच तर ‘शिवकालीन वाडा’ अशी पाटी लावून मोकळे होतात. मला त्या पाटीबद्दलच बोलायचं आहे.

शिवाजी महाराजांचं चरित्र सांगणारी सभासदाची बखर १६९७ च्या सुमाराची. त्यात स्पष्ट येतं की महाराजांनी वतनदारांचे बुरुजांचे वाडे पाडले. मिरासदाराने, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्कदाराने, घर बांधून राहावं, बुरुज घालू नयेत, असा दंडक केला. ज्याच्या घराला बुरुज, त्याच्या पदरी माणसं आणि बंदुका. तो रयतेला नाडणार आणि राजाला जुमानणार नाही, हे महाराज पुरतं ओळखून होते. पुढे राजाराम महाराज जिंजीत अडकले, मोगल आमिषं दाखवून माणसं फोडू लागले, तेव्हा सरदार टिकवायला वतनं आणि सरंजाम, म्हणजे फौजेच्या खर्चासाठी मुलूख, द्यावे लागले. करवीर म्हणजे कोल्हापूरच्या राज्यात कापशीचे सेनापती घोरपडे, कागलचे घाटगे, बावड्याचे अमात्य, विशाळगडचे प्रतिनिधी ही घराणी आपापल्या मुलखात जवळजवळ राजेच होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पटवर्धनांशी लढाया पेटल्या, भाऊबंदकी तर कायमचीच. अशा दिवसांत घराला बुरुज लागणारच.

म्हणून पुरावा नसताना बुरुजाच्या वाड्याला शिवकालीन म्हणू नका. महाराजांनी जे मोडून काढलं, त्याच्यावरच त्यांचं नाव लावतोय आपण!

गढी नीट बघितली तर ती हे सगळं स्वतःच सांगते. चिकोत्रा नदीच्या खोऱ्यातल्या एका गढीच्या दरवाज्यात मी बराच वेळ उभा होतो. दरवाजा मोठा, पण रोजची ये-जा दिंडीतून, म्हणजे त्यातल्याच लहान दारातून. तिच्यातून आत जाताना मान खाली घालावीच लागते, म्हणजे आत येणारा क्षणभर तरी पहारेकऱ्याच्या तावडीत. बाजूच्या भिंतीत अडसराचं चौकोनी भोक आहे. माझा हात खांद्यापर्यंत आत गेला तरी टोक लागलं नाही, एवढी भिंतीची जाडी. अडसर दिवसा त्या भोकात सरकवून ठेवायचा, रात्री ओढून समोरच्या खोबणीत बसवायचा. पुढे पहारेकऱ्यांची देवडी, दोन्ही बाजूंना कट्टे, आणि वाट सरळ चौकात न जाता वळते. बाहेरून मारलेली गोळी सदरेपर्यंत पोहोचू नये म्हणून. चौकाभोवती सोपे, त्यामागे माजघर, धान्याचं पेव, आड. वेढा पडला तरी आतल्यांनी काही दिवस तग धरावा, अशी सोय.

या भिंती खाली घडीव दगडाच्या आणि वर पांढऱ्या मातीच्या. आपल्याकडचा पाऊस काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. कौलं शाबूत तोवर ती माती दोनशे वर्षं उभी राहते. कौलं उतरली की पाच-सहा पावसाळ्यांत चिखल. १८४४ च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ल्यांवरच्या वतनी शिबंदीच्या, उठावानंतर इंग्रजांनी इथल्या किल्ल्यांची तटबंदी पाडली, पण गढ्या मात्र पुष्कळशा पडल्या त्या दुरुस्तीअभावी. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झालं आणि १९५४ पासून जहागिरी गेल्या. जहागिरी जायलाच हव्या होत्या, कुळांच्या घामावर चाललेलं ते सगळं. पण छप्पर शाकारायचा पैसाही त्यांच्याबरोबर गेला. वारस वाढले, सातबारावर नावं वाढली, एक कौल बदलायचं तरी सगळ्यांचं एकमत हवं.

आणि जिथे दुरुस्ती होते, तिथे सिमेंट. एका गावात बुरुजाला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून वर भगवा रंग दिलाय. मातीची भिंत ओल घेते आणि वाऱ्याबरोबर सोडते. सिमेंटने तिचं तोंड बंद झालं की पाणी आतच मुरतं, मग थर सुटतो तो मातीची ढेपच घेऊन. तिथे पायथ्याशी तळहाताएवढे पापुद्रे पडले होते, त्यांना चिकटलेली माती हातात घेतली तर ओली लागत होती. भर मार्च महिन्यात.

गावात गढी असेल तर स्वागत कमान, रंग, रोषणाई सगळं नंतर. आधी वारसांना एकत्र बसवा. छप्पर धरून ठेवा, कौलांना पैसे नसतील तर निदान मिरगाच्या आत पत्रा नाहीतर ताडपत्री घाला. गिलावा करायचाच तर चुन्याचा करा आणि चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा. बुरुजाची पांढरी माती घरासाठी उकरून नेणाऱ्यांना थांबवा. आणि पाटी लावायचीच असेल तर घराण्याचं नाव लिहा, काळ कागदपत्रं बघून लिहा.