धूर पाहिजे, डास नाही मारायचेत!

डोकं फिरलंय आज. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका शेडात वेल्डिंगवर एक्झॉस्ट हूड, म्हणजे धूर खेचून बाहेर टाकणारी पाइपाची तोंडं, बसवलेत आणि तिथल्या पोरांना मला एवढंच दाखवायचंय की हूड कामापासून लांब ढकलला की तो काही उपयोगाचा नाही. हूडच्या तोंडापासून पाइपाच्या व्यासाएवढं मागे आलात की तोंडावरच्या हवेच्या वेगातला जेमतेम १० टक्के उरतो. पण बोलून घसा कोरडा झाला तरी कोणाला पटत नाही, कारण पंखा घरघरतोय ना, मग खेचतच असणार! धूर सोडला की दोन मिनिटांत कळतं. म्हणून हातात मावणारं, थोडा थोडा आणि थंड धूर सोडणारं यंत्र पाहिजे. बस्स.

मिळेल तर शपथ. पहिला दुकानदार "आ लई जाव ने साहेब" म्हणत डासांचं फॉगिंग मशीन पुढे करतो. अरे भाई, त्यात कीटकनाशक भरतात, माणसांच्या तोंडावर सोडू का ते? ऑनलाइन बघावं तर लग्नाच्या फोटोशूटची रंगीत नळकांडी. शेवटी एका डीजेवाल्याकडून १५०० वॉटचं मशीन भाड्याने आणलं, गरम व्हायलाच पाच मिनिटं घेतली आणि बटण दाबल्यावर अख्खी शेड पांढरीफट्ट, हूड कुठंय तेच दिसेना, फोरमन विचारतो गरबा किती वाजता सुरू. वर तो धूर निघतो गरम, म्हणजे आपला आपणच वर जातो, आणि डोक्यावरच्या हूडने काहीही खेचलं नाही तरी सगळ्यांना वाटतं वा, काय खेचतोय! घ्या, ज्यासाठी केला अट्टहास तेच उलटं.

काचेच्या स्मोक ट्यूब असतात, माहितीय मला. आत टायटॅनियम टेट्राक्लोराइड, हवेतल्या ओलाव्याने धूर होतो, रेघ सुंदर उमटते, पण सोबत हायड्रोक्लोरिक ॲसिडही तयार होतं, नाकात गेलं की खोकून जीव जातो. तरी म्हटलं जपून वापरू. तर डीलर म्हणतो मेल करा, मेल केला तर जीएसटी नंबर द्या, तो दिला तर साहेब गायब. रेट सांगायला काय मुहूर्त लागतो का यांना?

उद्या दहाला डेमो आणि पिशवीत काय, तर दांडिया बाजारातून आणलेला अगरबत्तीचा पुडा. वेल्डिंगवर निभेल कसंबसं. पण शेजारचा पेंट बूथ पण दाखवायचाय, तिथे थिनरचे डबे उघडे पडलेले असतात. तिथे काडी ओढली तर धूर भरपूर दिसेल म्हणा, बघायला मी नसेन.