चावीच्या घड्याळाचा आग्रह कोकणात धरू नका

पावसाळा तोंडावर आला की आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर आपत्कालीन पिशवीच्या याद्या फिरू लागतात. टॉर्च, काडेपेटी, औषधं, रेशनकार्डाची झेरॉक्स. या याद्या उपयोगाच्या असतात. पण त्यांच्या जोडीने घड्याळाबद्दलचा एक मजकूर फिरतोय आणि बरेच जण तो खरा मानून चाललेत. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वादळ-पुरासाठी चावीचं किंवा ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं) घड्याळच घ्या, कारण सेलचं घड्याळ सेल संपला की बंद, सौरवादळ (सूर्यावरून येणारं चुंबकीय वादळ) आलं तर इलेक्ट्रॉनिक घड्याळं जळतील, केस (घड्याळाचं बाहेरचं कवच) पोलादाचीच हवी, प्लास्टिक टिकत नाही, डायलवर '३० मीटर' लिहिलेलं असलं की पाण्याची काळजी नको, आणि काट्यांच्या घड्याळावरून दिशाही कळते.

श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोणीही या सल्ल्यावर पाच-दहा हजार रुपये खर्च करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा आपल्या हवेत आणि आपल्या समुद्रकाठी उलटा पडतो.

आधी, संकटात घड्याळ लागतं कशाला? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. मोबाईलची रेंज गेली, मग बॅटरी गेली, आणि मोबाईलवरच वेळ बघायची सवय असलेल्या घरांत वेळ सांगणारं काहीच उरलं नाही. अशा दिवसांत इन्सुलिनची वेळ पाळायची असते, क्लोरीनची गोळी टाकलेलं पाणी अर्धा तास ठेवायचं असतं, रेडिओवरच्या बातम्या चुकवायच्या नसतात. घरात अडलेली बाई असेल तर कळा किती मिनिटांनी येताहेत ते बघावं लागतं. आणि खाडीकाठच्या माणसाला सगळ्यात आधी भरती हवी असते. नदीला पूर आलेला असताना भरती असली की खाडी पाणी घेत नाही, आणि ओहोटी लागेपर्यंत पाणी उतरत नाही. भरतीची वेळ आपल्याकडे तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पुढची भरती त्यानंतर साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी. हिशेब तोंडपाठ आहे, पण आषाढातल्या काळ्या आभाळाखाली आत्ता दोन वाजलेत की चार, हे घड्याळाशिवाय कोण सांगणार?

आता सेलचा मुद्दा घेऊ, कारण बाकी सगळा डोलारा त्यावर उभा आहे. सेल संपतो, हे खरं. पण किती वर्षांनी? कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे १९८९ पासून मिळणारं साधं डिजिटल घड्याळ. त्यात सीआर२०१६ हा लिथियमचा सेल असतो आणि कंपनी तो सात वर्षं चालेल असं सांगते. त्याच कंपनीच्या डब्ल्यू-८००एच किंवा एई-१२०० या घड्याळांचा सेल दहा वर्षांचा. लिथियमचे हे सेल बंद पाकिटात वर्षाला जेमतेम टक्काभर उतरतात, म्हणजे आज एक जादा सेल घेऊन ठेवला तर सात-आठ वर्षांनीही तो कामाचा असतो. एक घड्याळ आणि एक सेल, दोन्ही मिळून पंधराएक वर्षांची बेगमी होते. वादळ दोन दिवसांचं, लाईट जाते फार तर महिना-दीड महिना. हे आकडे शेजारी ठेवले की भीती उरत नाही.

उलट चावीच्या घड्याळाची गोष्ट बघा. ते पिशवीत किंवा कपाटात ठेवलं की बंद पडतं. ऑटोमॅटिक घड्याळ हातातून काढलं की साधारण चाळीस तासांत थांबतं. म्हणजे वादळाच्या रात्री आपण ते बाहेर काढू तेव्हा ते भलतीच वेळ दाखवत असेल. चावी देऊन चालू होईल हो, पण लावायचं कोणत्या वेळेला? मोबाईल बंद, टीव्ही बंद. ज्या परिस्थितीसाठी ते घेतलं, तिथेच ते दुसऱ्या घड्याळावर अवलंबून. शिवाय स्वस्तातलं ऑटोमॅटिक दिवसाला वीस-तीस सेकंद इकडे-तिकडे होणं नेहमीचंच, सेलवरचं क्वार्ट्झ घड्याळ मात्र महिन्याला तेवढं चुकतं. भरतीला पाच-दहा मिनिटांनी फरक पडत नाही, हे मान्य. पण बंद पडलेल्या घड्याळाने फरक पडतो.

चावीच्या घड्याळाला माझा विरोध नाही. एचएमटीने १९६१ साली बंगळूरला सिटिझनच्या मदतीने कारखाना काढला आणि पिढ्यान् पिढ्या मनगटांवर ती घड्याळं मिरवली. आजोबांच्या आठवणीसाठी ती जरूर जपा. पण एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला, आणि सुटे भाग ओळखून बसवणारे घड्याळजी आता तालुक्याच्या गावी एखाद-दुसरेच राहिलेत. चार-पाच वर्षांनी तेलपाणी न केलेलं यांत्रिक घड्याळ आतून सुकत जातं. आणीबाणीची वस्तू अशी हवी, जी विसरली तरी चालेल.

आणि पाणी? चिपळूणला २२ जुलै २०२१ चा पूर आला तेव्हा काकांचं चावीचं घड्याळ कपाटाच्या खणात होतं. पाणी उतरल्यावर ते घड्याळजीकडे नेलं. त्याने झाकण उघडलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. आतल्या यंत्राच्या सगळ्या पट्टीवर पिवळसर गाळाचा बारीक थर, केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटलेले, पोलादी स्क्रू काळे पडलेले. चावी तर ओढूनही बाहेर येईना. पुतण्याचं शाळेत घालायचं प्लास्टिकचं डिजिटल घड्याळ त्याच घरात, दप्तरात, तेवढाच वेळ पाण्याखाली होतं. साध्या पाण्याने धुतलं, चालूच होतं. कारण उघड आहे. चावी म्हणजे घड्याळाला पाडलेलं भोक, आणि ती रोज फिरवायची, ओढायची. जुन्या घड्याळांत तिथे रबरी रिंग नसतेच, आणि असली तरी झिजते. डिजिटलला चावी नाही, चारेक बटणं, आणि ती दाबली नाहीत तर पाण्याला वाटच नाही.

सौरवादळाची भीती मात्र मनातून काढून टाका. मार्च १९८९ मध्ये सौरवादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज नऊएक तास गेली होती, ही खरी घटना. पण ती गेली शेकडो किलोमीटर लांबीच्या वीजवाहिन्यांमुळे. असल्या वादळाचा प्रवाह लांब तारांमध्ये तयार होतो, मनगटावरच्या घड्याळात तशी तार असतेच कुठे? मे २०२४ मध्ये सर्वांत वरच्या श्रेणीचं सौरवादळ येऊन गेलं. लडाखमध्ये आकाश लाल झालेलं दिसलं, आणि देशभरातली हातातली घड्याळं चालूच होती.

पोलाद आणि प्लास्टिक. इथे एक गोष्ट दुकानातच करून बघा: घड्याळ उलटं करून झाकणावरची अक्षरं वाचा. 'स्टेनलेस स्टील बॅक' लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा फक्त ते झाकणच स्टीलचं असतं. वरची चकाकणारी केस पितळेवर किंवा जस्ताच्या मिश्रधातूवर मुलामा दिलेली असते. आपल्या खाऱ्या वाऱ्यात आणि घामात तो मुलामा उडतो आणि पट्ट्याच्या कडेला हिरवट पूड दिसू लागते. पूर्ण स्टेनलेस स्टीलचं घड्याळ चांगलंच, पण ते महाग. साध्या रेझिनला, म्हणजे घड्याळाच्या प्लास्टिकला, गंज चढत नाही, पडलं तर फुटत नाही. प्लास्टिकचा पट्टा मात्र काही वर्षांनी चिरतो, त्यात मजकुराचं चुकलेलं नाही. त्यावर उपाय स्वस्तातला: नायलॉनचा एकसंध पट्टा, जो घड्याळाच्या खालून आरपार जातो. एका बाजूची पिन गंजून तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकून राहतं, पाण्यात पडत नाही. चामड्याचा पट्टा पावसाळ्यात बुरशीने पांढरा होतो, तो नकोच.

'३० मीटर' ही तर सरळ फसगत आहे. तो आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा आहे, त्याचा अर्थ हात धुताना उडालेलं पाणी चालेल, एवढाच. त्या घड्याळाने पोहू नये. पुराच्या पाण्यातून चालणारा, होडी ओढणारा माणूस १०० मीटरचं घड्याळ घेईल. म्हणूनच एफ-९१डब्ल्यू स्वस्त आणि टिकाऊ असलं तरी मी ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. त्यावर नुसतं 'वॉटर रेझिस्ट' लिहिलेलं असतं आणि रात्रीचा दिवा मिणमिणता आहे. घ्यायचंच असेल तर नकली माल खूप आहे हे लक्षात ठेवा. अस्सल घड्याळात उजवीकडचं बटण तीन-चार सेकंद दाबून धरलं की पडद्यावर कंपनीचं नाव उमटतं.

राहिली दिशा. छोट्या काट्याचं टोक सूर्याकडे करायचं, तो काटा आणि बारा यांच्या मधोमध दक्षिण, ही युक्ती युरोपात चालते, कारण तिथे भरदुपारी सूर्य कायम दक्षिणेला असतो. रत्नागिरी १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. म्हणजे नेमक्या वादळ-पुराच्या महिन्यांत ही युक्ती दक्षिणेऐवजी भलतीकडे नेऊ शकते. त्यात आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि रत्नागिरी ७३.३ वर, त्यामुळे सूर्य माथ्यावर येतो बारा वाजून गेल्यावर सुमारे ३७ मिनिटांनी. आणि मुळात जुलैत सूर्य दिसला तर ना! साधं होकायंत्र घ्या.

सोलर घड्याळाबद्दलही त्याच मजकुरात एक ओळ आहे, की कोकणच्या पावसात ते चार्जच होणार नाही. हेही खोटं. ढगाळ उजेडातही ते थोडं थोडं भरतं, आणि एकदा पूर्ण भरलं की अंधारातही बरीचशी मॉडेलं सहा महिने चालतात. ऐपत असेल तर जरूर घ्या. फक्त त्यातला चार्ज होणारा सेल गावातल्या दुकानात मिळत नाही. रेडिओ लहरींवर स्वतःहून वेळ जुळवणाऱ्या महागड्या घड्याळांसाठी मात्र जादा पैसे देऊ नका, त्या लहरी पाठवणारी केंद्रं जपान, चीन, अमेरिका आणि युरोपात आहेत, भारतात नाहीत.

माझी निवड सांगतो: १०० मीटरचं, दहा वर्षांच्या सेलचं, रेझिनचं डिजिटल घड्याळ. दोन-तीन हजारांच्या आतबाहेर मिळतं. त्याला नायलॉनचा पट्टा. सोबत एका छोट्या डबीत त्याच नंबरचा सेल, बारीक चौफुलीचा स्क्रूड्रायव्हर, प्लास्टिकचा चिमटा आणि बोटभर सिलिकॉन ग्रीस. सेल बदलताना झाकणाखालची रबरी रिंग पिळू देऊ नका, तिला ग्रीसचा हात लावून खाचेत नीट बसवा. कॅसिओत सेलच्या बाजूला 'एसी' लिहिलेला ठिपका असतो, तो आणि सेलची वरची बाजू धातूच्या टाचणीने क्षणभर जोडल्याशिवाय काही वेळा आकडे येत नाहीत. हे सगळं उजेडात, आपल्या ओट्यावर बसून एकदा करून बघा, कंदिलाच्या उजेडात पहिल्यांदा करायची पाळी येऊ देऊ नका. सेलच्या पाकिटावर खरेदीचं वर्ष लिहा, आणि ती डबी लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा. गिळलेला बटनसेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो, तसा संशय जरी आला तरी सरळ दवाखाना गाठा.