सहाव्या वर्षी येणारी दाढ

मी पहिलीच्या मुलांना शिकवते. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली साधी मराठी शाळा. आज सगळ्या आईवडिलांना एक कळकळीची विनंती आहे. घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर त्याला उजेडात बसवा, तोंड मोठं उघडायला सांगा आणि खालच्या जबड्यात अगदी मागे काय आहे ते नीट बघा. दुधाच्या दाढांच्या मागे एक रुंद, खाचाखाचांची दाढ दिसेल. कदाचित अर्धीच वर आलेली असेल. ही पक्की दाढ. ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

ती कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती येण्यासाठी आधी काही पडावं लागत नाही. पुढचा दात हलायला लागला की घरात केवढा गाजावाजा! पडला की कौलांवर फेकायचा, शेजारपाजाऱ्यांना मुलाचं बोळकं दाखवायचं. ही दाढ मात्र मुकाट्याने मागच्या बाजूला येते आणि आपण तिला दुधाचीच समजून मोकळे होतो. पालकसभेत एका आईला मी मुलाची काळी पडलेली दाढ दाखवली, तर ती म्हणाली, "टीचर, दुदाचो दांत न्हय तो? पडटलोच." तिला दोष कसा देणार? तिला हे आजवर कुणी सांगितलेलंच नव्हतं. पण त्या दाढेत तेव्हाच खड्डा पडला होता आणि मुलगा सगळं एकाच बाजूने चावत होता. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

ही दाढ लवकर का किडते तेही समजून घ्या. नुकत्याच आलेल्या दातावरचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, पूर्ण पक्कं झालेलं नसतं, ते तोंडात आल्यावर हळूहळू कणखर होतं. त्यात खाचा खोल. आणि वर यायला तिला बरेच महिने लागतात. तेवढा काळ ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, त्यामुळे मूल नेहमीसारखा ब्रश फिरवतं तेव्हा तो वरच्यावर निघून जातो, तिला लागतच नाही. म्हणून ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घालायचा आणि त्या एका दाढेवर वेगळा घासायचा. हे सहा वर्षांच्या मुलाला जमत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनीच घासून द्यायला हवं. "तो आता आपला आपण घासतो" असं कौतुकाने सांगणारे पालक भेटतात तेव्हा मी त्यांना हेच सांगते.

आणि घासायचं ते रात्री. सकाळचं घासणं आपल्याकडे कुणी चुकवत नाही, पण रात्री जेवलं की मूल तसंच अंथरुणावर. झोपेत लाळ कमी सुटते. एरवी हीच लाळ तोंडातलं आम्ल सौम्य करत असते. दातांवरचे जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल इनॅमल विरघळवतं. रात्री त्यांना अडवायला कुणी नसतं. जत्रेच्या दिवसांत तर बघायलाच नको. दशावतारी नाटक बघत बघत मुलं खाजं चघळतात आणि तशीच आईच्या मांडीवर झोपून जातात. गूळ आहे, साखर नव्हे, म्हणून चालतं असं म्हणू नका. गुळातही मुख्यतः साखरच असते, शिवाय खाजं खाचांत चिकटून बसतं. जत्रा आणि खाजं हवंच, मी कोण बंद करणार! पण घरी आल्यावर झोपाळलेल्या मुलालाही ब्रश करून मगच झोपवा. चतुर्थीच्या नेवऱ्यांचंही तेच. दिवसभर येता-जाता एकेक खाण्यापेक्षा जेवणाबरोबर दोन खाल्लेल्या बऱ्या, कारण प्रत्येक खाण्यानंतर आम्लाचा हल्ला नव्याने सुरू होतो.

पेस्ट फ्लोराइडची घ्या, ट्यूबवर फ्लोराइडचं प्रमाण १००० पीपीएमच्या आसपास आहे का ते बघून घ्या. तीन वर्षांच्या पुढे वाटाण्याएवढी पुरे, त्याआधी तांदळाच्या दाण्याएवढी. घासून झालं की थुंकायला लावा, पण खळखळून चुळा भरायला लावू नका. फ्लोराइड दातावर राहिलं तरच उपयोग. आमच्याकडे अजूनही काही घरांत आजी मशेरी लावते आणि नातवंडं बघत असतात. तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर आणि पेस्टवर देशात १९९२ पासून बंदी आहे, पण घरी तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार? आजींना प्रेमाने सांगा, निदान मुलांसमोर तरी नको.

एक उपाय फार थोड्यांना माहीत आहे. या दाढेच्या खाचा डॉक्टर एका पातळ लेपाने बुजवून देतात, त्याला सीलंट म्हणतात. सुई नाही, कोरणं नाही, दुखणं नाही. मात्र दाढ पुरेशी वर आलेली हवी आणि किडायच्या आत तो लावायला हवा. बांबोळीला सरकारी दंत महाविद्यालय आहे, तिथे मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. दूर पडत असेल तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात आधी चौकशी करा.

शाळांकडेही माझं मागणं आहे. पहिलीत प्रवेश देताना आपण जन्मदाखला बघतो, लसीकरणाचं कार्ड बघतो. त्याच दिवशी टॉर्च घेऊन मुलाची मागची दाढ पालकांना दाखवायला कितीसा वेळ लागेल? पुढच्या प्रवेशाच्या वेळी मी माझ्या वर्गात हे करणार आहे. ज्या शिक्षकांना करायचं असेल त्यांनी खाली लिहा, पालकांना काय सांगायचं ते आपण मिळून ठरवू.