ताई, 29 इंची चाकाने पोराची उंची वाढत नाही!

गेले दोन आठवडे एक मेसेज फिरतोय. "सायकल घेताय? थांबा! आधी हे वाचा" असं वर, खाली सहा मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी टिक, आणि शेवटी "जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोहोचवा". मला तो तीन ग्रुपवर आला, मी तिन्ही वेळा हसून पुढे गेलो. चूक माझी. कारण चौथ्यांदा तो आमच्या ताईला आला, साताऱ्याला, आणि ताईने तो वाचून माझ्या अकरा वर्षांच्या, साडेचार फुटी भाच्याला थेट 29 इंची माउंटन बाइक आणली. तीही बिनगिअरची. पाचव्या दिवशी कॉलनीतल्या स्पीडब्रेकरपाशी समोर कुत्रं आलं, पोराने ब्रेक दाबला, पाय टेकवायला गेला तर खाली जमीनच नाही. आधी दांडीवर आदळला, मग हँडलवर. हनुवटीला तीन टाके. बाकीचं कुठे लागलं ते तो सांगत नाही आणि मी विचारत नाही, पण दोन दिवस पाय फाकवून चालत होता बिचारा.

तर आता मी हसणार नाहीये, लिहिणार आहे.

मेसेज काय म्हणतो ते आधी थोडक्यात सांगतो, ज्यांना आला नाही ते नशीबवान. एक, 29 चं चाक मोठं म्हणून कमी मेहनतीत 10 टक्के जास्त स्पीड. दोन, उंचीप्रमाणे चाक घ्या, 5 फुटांच्या आत 26, साडेपाचपर्यंत 27.5, पुढे 29. तीन, 26 कंपन्यांनी बंद केलंय, टायर-ट्यूब मिळणार नाहीत. चार, 27.5 म्हणजे बरोबर मधली साइज, ना इकडची ना तिकडची, घेऊ नका. पाच, ऑलिंपिकमध्ये सगळे 29 च चालवतात. आणि सहा, वाढत्या वयाच्या मुलांना सरळ 29 घ्या, परत दुसरी घ्यावी लागत नाही, शिवाय पाय ताणले जातात म्हणून उंची झपाट्याने वाढते.

दुसऱ्या मुद्द्यात 5 फुटांखाली 26, आणि सहाव्यात पोरांना 29. लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेजही वाचलेला दिसत नाही.

सहाव्यापासूनच सुरू करतो, कारण टाके त्याच्यामुळे पडलेत.

पाय ताणून हाडं लांब होत नाहीत. उंची ठरते मुख्यतः आईबापाच्या उंचीवर, खाण्यापिण्यावर, तब्येतीवर. सीट उंच असली की पायडल खाली जाताना पोराची कंबर डावी-उजवीकडे डोलते, टाच पोहोचत नाही, बोटांच्या टोकावर पायडल मारतो, आणि दुखतं ते वेगळंच. यातून उंची वाढत असती ना, तर आपल्याकडचे सगळे दूधवाले साडेसहा फुटी झाले असते. कारण ती जुनी काळी सायकल असते बघा, 28 इंची, दीड इंच टायरची, तिच्या रिमचं माप असतं 635 मिलिमीटर. आणि या नव्या नवलाच्या 29 ची रिम किती? 622. हो, दूधवाल्याची रिम मोठी आहे. माउंटन बाइकचा टायर जाड, म्हणून बाहेरून मोजलं तर 29 किंचित मोठं भरतं, एवढंच. म्हणजे हे 'मोठं चाक' आपल्या देशात माझ्या आजोबांपासून आहे, त्यावर कॅन लावून आयुष्य काढलेली माणसं आहेत, आणि त्यांची उंची होती तेवढीच होती. आमच्या आबांची 5 फूट 3.

आणि आबांच्या पिढीला एक गोष्ट कळत होती जी या मेसेजवाल्याला कळत नाही. तेव्हा दुकानात विचारायचे, "22 घेता का 24?" ते चाकाचं माप नव्हतं. चाक दोन्हीला तेच, 28 इंची. 22 आणि 24 ही फ्रेमची साइज. बुटक्याला 22, उंचाला 24. सायकल अंगाला बसते की नाही हे फ्रेम ठरवते. चाक नाही. मला एवढंच सांगायचंय खरं तर, पण मेसेजमध्ये सहा मुद्दे आहेत म्हटल्यावर मलाही लिहावं लागतंय.

"पण आम्ही नाही का शिकलो बाबांच्या सायकलवर, नळीतून पाय घालून, अर्धा पायडल मारत" असं दाजी म्हणाले. शिकलात, कारण घरात एकच सायकल होती आणि दुसरी घ्यायला पैसे नव्हते. गुडघे फोडून घेतलेत ते विसरलात. आता साताठ हजार मोजून तीच अडचण विकत आणायची कशाला? शाळेचा शर्ट दोन बोटं मोठा घेतात ते ठीक आहे, शर्ट अंगावरून घसरून कुणाचे दात पडत नाहीत. साडेचार फुटांच्या पोराला 24 इंची चाकाची सायकल असते, साधारण 135 ते 150 सेंटिमीटर उंचीसाठी बनवलेली, फ्रेम छोटी, ब्रेकचा दांडा लहान हाताला पुरेल असा जवळ. ब्रेकची ही गोष्ट कुणी बघतच नाही. भाच्याची बोटं ब्रेकला कशीबशी टोकाने लागत होती. नुसती टोकं लागून ब्रेक दाबला जात नाही हो.

दुकानदाराने काय केलं असेल? ताई म्हणते, तो म्हणाला "घ्या, दोन वर्षांत बसेल". दोन वर्षांत बसेल तर दोन वर्षांनी विका ना. पण 24 वर त्याला मिळतात किती आणि 29 वर किती, हे मला सांगायची गरज नाही.

आता पहिला मुद्दा, 10 टक्के स्पीडचा. आकडा कुठून आला ते मला माहितीय, आणि मजा म्हणजे आकडा जवळपास बरोबर आहे. 2.1 इंच जाडीचा टायर धरला तर 26 चं चाक एका फेरीत साधारण 2.09 मीटर जातं आणि 29 चं 2.29. झाले साडेनऊ टक्के. पण "कमी मेहनतीत" हे कुणी सांगितलं? फुकट काही मिळत नाही. चाक मोठं केलं म्हणजे गिअर तेवढाच जड झाला. पुढे पायडलच्या चक्रीला 36 दाते आणि मागच्या चाकाच्या चक्रीला 18 असं 26 वर चालवत असाल तर 29 वर मागे 20 दात्यांचं लावा, हिशेब परत तिथल्या तिथे. गिअरच्या सायकलला हे कळतही नाही, बोटाने एक गिअर हलका केला की संपलं. आणि बिनगिअरच्या सायकलला? तिथे ते साडेनऊ टक्के चढावर तुमच्या मांडीतून जातात. सातारा काय सपाट आहे? शाळेतून येताना रोज चढ, आणि पोरगं पाचातल्या तीन दिवशी सायकल हातात धरून चालत घरी आलं हे ताईने टाके पडल्यावर सांगितलं, आधी नाही. वर मोठी रिम, मोठा टायर, मोठी ट्यूब, लांब तारा, म्हणजे वजन जास्त आणि तेही कडेला, थांबून परत उचलताना जाणवतंच.

बरं, आता जे खरं आहे ते कबूल करतो, नाहीतर म्हणाल हा 29 च्या मागेच लागलाय. मी स्वतः 29 चालवतो. उंची 5 फूट 7. टेकडीवर, दगडांच्या वाटेवर मोठं चाक चांगलंच चालतं. कारण सोपं आहे, दगड तोच पण चाक मोठं असलं की ते दगडाला जरा वरून भिडतं, अडकत नाही, चढून जातं. मी कागदावर मांडून बघितलं, 10 सेंटिमीटरचा दगड असेल तर भिडण्याचा कोन 26 ला साधारण 46 अंश येतो आणि 29 ला साडेत्रेचाळीस. दोन-सव्वादोन अंशांचा फरक. ऐकायला काहीच नाही, पण तासभर दगडांवरून गेलात की हाताला कळतो. त्या बदल्यात 26 चं चाक अरुंद वळणावर पटकन फिरतं, उचलायला सोपं, उड्या मारणाऱ्या पोरांना आजही तेच आवडतं. म्हणजे फरक आहे, पण तो वाटेचा आहे, जिथे चालवणार तिथला. कॉलनी ते शाळा या डांबरी रस्त्यावर त्या दोन अंशांचं काय लोणचं घालायचंय?

उंचीच्या तक्त्याचं, म्हणजे दुसऱ्या मुद्द्याचं. यासाठी मला एकच माणूस पुरेसं आहे. सीना फ्राय, स्वित्झर्लंडची. टोकियो ऑलिंपिक, म्हणजे 2021 च्या जुलै-ऑगस्टमध्ये झालं ते, त्यात बायकांच्या माउंटन बाइक शर्यतीत रौप्यपदक. उंची 1 मीटर 51 सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांनाही जेमतेम कमी. सायकल? 29 इंची. तक्त्याप्रमाणे तिने 26 चालवायला हवी होती. तिला 29 का जमते? कारण तिची फ्रेम तिच्या मापाची आहे, हँडल खाली आणलेलं, दांडी उतरती, सगळं तिच्या अंगाबरहुकूम. आणि आता कुणीतरी म्हणेल "बघ, मग भाच्याला पण जमेल". नाही. ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची... नाही, तेव्हा चोविशीची असेल, आणि जगातल्या पहिल्या काही जणींपैकी एक. भाच्याची सायकल मोठ्या माणसाच्या फ्रेमची, आणि तो पाचवीत आहे.

यातूनच पाचवा मुद्दाही निकालात निघतो. ऑलिंपिकला सगळे 29 चालवतात हे आज जवळपास खरंच आहे, दिलं. पण कायमचं नाही. 2012 ला लंडनमध्ये पुरुषांच्या शर्यतीत चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुल्हावी 29 वर जिंकला आणि स्वित्झर्लंडचा नीनो शुर्टर 27.5 वर दुसरा आला, फरक फक्त 1 सेकंदाचा! पुढे 2016 ला रिओत शुर्टर 29 वर सुवर्ण घेऊन गेला. उतारावरच्या शर्यतीत तर अजून वेगळं, तिथे 2019 पासून पुढे एक माप आणि मागे दुसरं अशी खिचडी चालायला लागली, आणि त्याच वर्षी फ्रान्सचा लोइक ब्रुनी पुढे 29, मागे 27.5 लावून जगज्जेता झाला. म्हणजे ज्यांचं पोट यावर चालतं त्यांचंही एकमत एकाच मापावर नाही. शिवाय ऑलिंपिकवाल्यांची सायकल 10 किलोच्या आसपास असते. ताईने आणलेली मी उचलून बघितली, माझ्या अंदाजाने 17-18 किलो. भाचा स्वतः 31.

26 बंद झालं, टायर-ट्यूब मिळत नाहीत म्हणे. अर्धं खरं. महागड्या माउंटन बाइक 26 मध्ये आता जवळपास येत नाहीत, चांगला सस्पेंशन फोर्क (पुढचा, धक्के झेलणारा चिमटा) किंवा भारी टायर शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. पण साधी ट्यूब, साधा टायर? कुठल्याही तालुक्याच्या गावात जा, पंक्चरवाल्याच्या खिळ्याला 26 ची लटकलेली दिसेल. 29 ची मागा, तो म्हणेल उद्या मागवून ठेवतो. मेसेजवाल्याने उलटंच लिहिलंय.

चौथा, 27.5 'बरोबर मधली' म्हणून घेऊ नका. मधली नाहीच ती. टायरच्या कडेला बघा, बारीक अक्षरात आकडा असतो, 26 वर 559, 27.5 वर 584, 29 वर 622. हे रिमचं खरं माप, मिलिमीटरमध्ये, बाकी इंचाचे आकडे म्हणजे बोलायची पद्धत. 26 पासून 25 लांब, 29 पासून 38. म्हणजे ती 26 ची चुलत बहीण आहे. आणि ना इकडची ना तिकडची म्हणून वाईट हे तर काहीही. तेवढा आकडा मात्र बघून ठेवा, कारण '26' लिहिलेले सगळे टायर एकमेकांना बसत नाहीत, जुन्या बारीक टायरच्या 26 ची रिम 590 ची असते. मी एकदा चुकीचा घेऊन घरी आलोय.

दुकानात गेलात तर चाकाचा विषय दुकानदाराने काढू दे, तुम्ही काढू नका. आधी सायकल दोन पायांत घेऊन उभे राहा, दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकलेले, आणि दांडी व तुमच्यामध्ये निदान दोन-तीन बोटं जागा हवी. मग सीटवर बसून पायडल सगळ्यात खाली, त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा, कंबर न झुकवता. मग ब्रेक, बोटाचं मधलं पेर दांड्यावर आलं पाहिजे. पोरासाठी घेताय तर पोराला न्या! ताई न नेताच गेली होती, सरप्राइज द्यायचं म्हणून.

दुकानदार परत घेत नाही म्हणाला, वापरलेली आहे म्हणे, पाच दिवस. मग भाच्याला 24 ची घेतली, सेकंडहँड, शेजारच्या सोसायटीतल्या एका पोराची, तिला गिअर पण आहेत. 29 आता दाजी चालवतात, सकाळी दूध आणायला. महिना झाला, त्यांचीही उंची वाढलेली नाही.