अनुभव : नवशिका

काल दुपारी सव्वातीनच्या सुमारास मी नवशिका ठरलो. गेली २२ वर्षं सुगीत हार्वेस्टरवर बसतोय. सुरुवातीला भुवया धुळीनं पांढऱ्या व्हायच्या, आता धुतल्या तरी पांढऱ्याच राहतात. आणि नुकतंच मिसरूड फुटलेल्या एका पोरानं टॅबलेटवर बोट टेकवून मला नवशिका करून टाकलं. वर हसून म्हणतो, "सर, हे सिस्टिमच ठरवते."

झालं एवढंच, की जुनं मशीन थकलं आणि मी नव्याची ऑर्डर द्यायला गेलो. वाटलं होतं, बोट दाखवू, 'हे द्या' म्हणू, सही करू. पण हल्ली मशीन असं मिळत नाही, ते आपण 'घडवायचं' असतं. पोरानं फॉर्म उघडला तेव्हा कोपऱ्यात '१/६४' दिसलं. मला वाटलं, तारीख आहे.

पहिलाच प्रश्न आला, कॉन्केव्हची फट किती मिलिमीटरवर ठेवता? कॉन्केव्ह म्हणजे मळणीच्या ड्रमखालची कमानदार जाळी. फट कमी पडली की दाणा फुटतो, जास्त झाली की दाणा ओंबीत बसूनच मागनं निघून जातो. आता ही फट मी मिलिमीटरनं कधी ठेवलीच नाही. मी ड्रमचा आवाज ऐकतो. शंका आली की खाली उतरतो, मागं पडलेली ओंबी उचलून तळहातावर चोळतो, फुंकर मारतो. हातात दाणा उरला तर फट थोडी कमी. मग टाकीतली मूठभर रास उन्हात धरून बघतो, तुकडे दिसले तर थोडी जास्त. "ते कानानं आणि हातानं कळतं," मी म्हणालो. पोरानं यादीत वर-खाली बोट फिरवलं. 'कान' नव्हता, 'हात'ही नव्हता. त्यानं 'माहीत नाही' दाबलं. पंख्याच्या फेऱ्यांचं तेच झालं, चाळण्यांचं तेच. तीन 'माहीत नाही' झाले आणि माझा निकाल लागला. शाळेतसुद्धा मला नापास करायला वर्ष लागायचं.

१८३६ साली अमेरिकेत हायरम मूर नावाच्या माणसानं कापणी, मळणी आणि उफणणी एकत्र करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याचं धूड घोडे ओढायचे, एकदोन नव्हे, घोड्यांचा तांडाच. त्याच्या गिऱ्हाइकानं फार तर 'घोडे किती जुंपू?' एवढंच विचारलं असेल. चौसष्ट प्रश्न विचारले असते तर घोडेही घरी गेले असते.

पण काल खरी रंगत आणली ती शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी. त्यांच्या गळ्यात एक जुना, तडे गेलेला बेल्ट होता, सत्काराचा हार असावा तसा. मशीन शेतात उभं, हा बेल्ट तुटायला आलेला, त्यावरचा नंबर घासून गेलेला. आतल्या गोदामात कुणीतरी जोड शोधतंय आणि हे सकाळपासून बसलेले. माणूस सकाळपासून नुसता बसला की दुसऱ्याच्या खरेदीत लक्ष घालणारच.

"रोटर की साधा ड्रम?" पोरानं मला विचारलं. रोटर म्हणजे मळणी करून दाणा काडातून वेगळाही काढणारा लांब फिरता दंडगोल.

"१९७५ला न्यू हॉलंडनं रोटर काढला," बेल्टवाले म्हणाले, "१९७७ला इंटरनॅशनल हार्वेस्टरनं. तेव्हापासून लोक भांडतायत. रोटर दाण्याला जपतो आणि काडाचा चुरा करतो. साध्या ड्रममागचे वॉकर काड हलवून हलवून अख्खं बाहेर टाकतात. तुम्हाला कुणाला जपायचंय ते ठरवा."

"तुमच्याकडं काय आहे?"

"माझ्याकडं बंद पडलेलं आहे."

मग हेडरची, म्हणजे पीक कापणाऱ्या पुढच्या भागाची रुंदी आली. २० फुटी की २५ फुटी?

"भाऊ, फाटक किती?" बेल्टवाल्यांनी विचारलं.

"१४ फूट."

"मग २५ फुटीच घ्या."

मी त्यांच्याकडं बघत राहिलो. ते शांतपणे म्हणाले, "दोन्ही जाणार नाहीत. दोन्ही काढून ट्रॉलीवर लांबीत टाकूनच न्यायचे. मावायचंच नाही तर लहान कशाला घ्यायचं?"

मला हे पटलं, याचंच मला अजून वाईट वाटतंय. पोरानं २५ दाबलं आणि लंगोटीसाठी मांजर, मांजरासाठी गाय सुरू झालं. हेडर रुंद म्हणून धान्य रिकामं करायचा पाइप लांब, नाहीतर शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीपर्यंत तो पोचणार नाही. माल जास्त येणार म्हणून टाकी मोठी. टाकी भरली की वजन वाढणार, जमीन दबणार, म्हणून टायर रुंद, नाहीतर पुढं साखळीचे पट्टे. एका फाटकातून न जाण्यासाठी मी एवढं सगळं घेत होतो.

"चॉपर?" पोरगा म्हणाला. मागून पडणारं काड बारीक करून पसरवणारी पाती, ती.

"नको," बेल्टवाले.

"का?" मी.

"काडाच्या गाठी बांधायच्या असतील तर ते लांब पाहिजे. चुऱ्याची गाठ कोण बांधणार?"

"बरोबर. नको."

"पण नांगरताना लांब काड फाळात गुंततं. तेव्हा चॉपर नसला की रडू येतं."

"म्हणजे घेऊ?"

"घ्या," ते म्हणाले, आणि बेल्ट गळ्यात जरा सारखा केला. "पण चालवू नका."

पोरगा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "सर, चॉपर बंद ठेवायची सोय आहे. खटका टाकायचा." बेल्टवाल्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू खटक्याचा शोध त्यांचाच.

इथपर्यंत मी हसत होतो. मग पाइपच्या टोकाला दिवा हवा असं मी सांगितलं. रात्री रिकामं करताना धान्य ट्रॉलीत पडतंय की ट्रॉलीवाल्याच्या डोक्यावर, ते दिसावं एवढीच अपेक्षा. तर तो दिवा सुटा मिळत नाही. तो वरच्या पॅकेजमध्ये आहे आणि त्या पॅकेजमध्ये गरम होणारी सीट आणि कॅबिनमधला फ्रिजही आहे. म्हणजे खाली तापायचं, बाजूला गार व्हायचं, तेव्हा कुठं बाहेर उजेड पडणार.

आणि त्याच्यावरची कडी म्हणजे उताऱ्याचा नकाशा. कुठल्या तुकड्यात किती पिकलं ते मशीन चालता चालता नोंदवतं. चांगली गोष्ट आहे, मला हवीच होती. पोरगा म्हणाला, सेन्सर बसवलेलेच येतात सर, वायरिंग असतं, स्क्रीन असते, फक्त ते चालू करायचा कोड वेगळा घ्यायचा. सरळ चालवणाऱ्या ऑटो-स्टिअरिंगचंही तसंच. म्हणजे वस्तू माझी, माझ्या शेतात उभी, तिच्या पोटात सगळं आहे आणि कुलूप त्यांचं. बिघाड झाला तर स्क्रीनवर एक आकडा येणार. त्याचा अर्थ कळायला त्यांचाच माणूस लॅपटॉप घेऊन येणार. तो त्याच्या सवडीनं येणार. पीक वाळून उभं आहे आणि आभाळ भरून आलंय, हे लॅपटॉपला कसं कळणार? मी हे जरा मोठ्यानं बोललो असावा, कारण पोरानं पाणी आणून दिलं. पाणी आपोआप आलं, त्याला कोड लागला नाही.

एवढ्यात गोदामातून माणूस आला. हातात नवा कोरा बेल्ट. बेल्टवाले उठले, त्यांनी गळ्यातला काढला, दोन्ही बेल्ट एका बोटावर टांगून शेजारी-शेजारी सोडले. नवा चार बोटं आखूड होता.

"ह्याची जोड मागवावी लागेल. चार-पाच दिवस," माणूस म्हणाला.

बेल्टवाले काही बोलले नाहीत. रोटरपासून चॉपरपर्यंत प्रत्येक गोष्टीवर दोन-दोन मतं असलेला माणूस, या एका गोष्टीवर त्यांचं एकही मत नव्हतं. त्यांनी जुना बेल्ट परत गळ्यात घातला. दारापाशी वळून मला म्हणाले, "भाऊ, मशीन आलं की सांगा. बघायला येतो." आणि गेले.

पोरगा चौसष्टाव्या प्रश्नावर पोचला होता. "आणखी काही हवंय, सर?"

"मशीनमधला प्रत्येक बेल्ट, एक एक जादा. आत्ता, मशीनबरोबर."

त्यानं बराच वेळ शोधलं. फ्रिजच्या आसपासही बघितलं. "सर, असा पर्याय नाहीये."

"मग लिहून घे कुठंतरी."

त्यानं तळाच्या शेऱ्याच्या चौकटीत काहीतरी टाइप केलं आणि प्रिंट काढून पुढं ठेवली. मी सही करायला वाकलो. शेऱ्यात लिहिलं होतं : 'ग्राहकास बेल्टची भीती वाटते. अनुभव : नवशिका.'