शिनोची किटली आतून कशी असावी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

शिनो या जपानी ग्लेझच्या, म्हणजे मातीच्या भांड्यावर भट्टीत वितळून बसणाऱ्या काचेसारख्या थराच्या, किटल्यांवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत की, ज्या ग्लेझला जाळीसारखे तडे जातात ते खाण्यापिण्याच्या भांड्याला लावणं बेजबाबदारपणाचं आहे, आणि जपानचं नाव पुढे करून मी दोष खपवतोय. अर्धी टीका मला पूर्ण मान्य आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

शिनो म्हणजे जवळजवळ सगळा फेल्डस्पार, हे एक खनिजच. त्यात सोडियम-पोटॅशियम भरपूर, त्यामुळे भट्टी निवताना ग्लेझ खालच्या मातीपेक्षा जास्त आकसतं आणि तडकतं. लेखात मी या तड्यांचं नुसतं कौतुक केलं, ते चुकलं. आतूनबाहेरून शिनो लावलेली एक किटली मी बहिणीला दिली होती. तिच्याकडे चहा आपल्या सगळ्यांसारखाच, आलं घालून पातेल्यात उकळलेला, दुधाचा. पावसाळ्यात तिचा फोन आला, "दादा, कितीही घासली तरी आंबूस वास जात नाही." किटली परत आणली, पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवली. सकाळी बुडाखाली ओला गोल उमटला होता. तड्यांतून दूध मातीत शिरत होतं आणि तिथेच नासत होतं.

पण हे काम शिनोला मुळात कुणी सांगितलंच नव्हतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मिनो प्रांतात, म्हणजे आजच्या गिफूमध्ये, हे ग्लेझ बहरलं ते चहाचे वाडगे, पाण्याची भांडी आणि जेवणातल्या छोट्या ताटल्यांवर. तेव्हा चहाची पूड वाडग्यातच घुसळत. पानं भिजवायची किटली रुळली ती पुढे, एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक). वाडग्यात चहा राहतो काही मिनिटं, त्यात दूध नाही, आणि पिऊन झाला की वाडगा लगेच धुऊन पुसतात. शिवाय वापरण्याआधी तो कोमट पाण्यात भिजवायची रीत आहे. माती आधीच पाणी प्यायलेली असली की चहा कमी शोषते. तोक्योच्या मित्सुई संग्रहालयातला ‘उनोहानागाकी’ हा शिनो वाडगा जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे. जाड पांढऱ्या थराखालून लोहाच्या रेघा कुंपणासारख्या दिसतात, त्यावरूनच त्याला नाव पडलं. त्या पांढऱ्यावर युझू या जपानी लिंबाच्या सालीसारखी बारीक भोकं असतात. वाडग्यावर ती शोभतात. किटलीच्या आत, जिथे हात पोचत नाही तिथे, तीच भोकं घाण धरतात.

आज आम्हां कुंभारांपैकी बहुतेक जण लावतात ते १९७० च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटाला घडलेलं शिनो. त्यात सोडा ॲश (धुण्याचा सोडा) असते. ती पाण्यात विरघळते, आणि भांडं सुकताना पाण्याबरोबर वर येऊन पृष्ठभागावर साचते. भट्टीत सुरुवातीलाच धूर कोंडला की तिच्याखाली कार्बन अडकतो आणि काळे ढग उमटतात. या ढगांसाठी मी वेडा आहे, ते लपवत नाही. पण हीच सोडा झाकणाच्या कडेत मुरली की झाकण भट्टीत चिकटून बसतं. म्हणून ती कड आणि झाकणाची बैठक मी मेण लावून कोरी ठेवतो. तोटीच्या आतल्या गाळणीजवळ तर शिनो नेतच नाही, भोकं बुजतात.

आता आतून मी मातीशी जुळणारं, न तडकणारं गुळगुळीत ग्लेझ लावतो आणि शिनो फक्त बाहेर. दोन ग्लेझ एकाच भिंतीला दोन्हीकडून वेगळा ताण देतात, म्हणून नवीन जोडी ठरली की पहिल्या किटलीत उकळतं पाणी आणि लगेच बर्फाचं पाणी, असं पाच-सहा वेळा ओततो. भाजलेल्या, ग्लेझ न लावलेल्या मातीचा तुकडा कोरडा तोलतो, दोन तास पाण्यात उकळून पुन्हा तोलतो. वजन एक टक्क्याहून जास्त वाढलं तर ती माती किटलीला घेत नाही. लिंबाची फोड आतल्या ग्लेझवर रात्रभर ठेवतो, डाग पडला तर ग्लेझ बाद.

बाहेरूनही शिनो नको, हे मात्र मला पटत नाही. त्या फेल्डस्पारच्या ग्लेझमध्ये शिसं नसतं, बाहेर चहा लागत नाही, आणि गरम किटलीला तळवा लावल्यावर जे साईसारखं जाड, मऊ काही हाताला लागतं, ते दुसरं कुठलंही ग्लेझ देत नाही.

आधी घेतलेल्या किटल्यांचं काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. आतून पांढरी, तडकलेली असेल तर तिच्यात दुधाचा चहा ओतू नका, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, धुऊन झाकण काढून पूर्ण वाळवा. आणि ती माझ्याकडची असेल तर घेऊन या, बदलून देतो.